घरगुती इंटरनेट-जोडणी आणि स्थिर पत्त्याचा प्रश्न

घरी इंटरनेटची जोडणी घेताना स्थिर आयपी पत्ता घ्यावा की नाही, हा प्रश्न अनेकदा उपस्थित होतो. असा पत्ता देण्यासाठी पुष्कळ पुरवठादार निराळे शुल्क आकारतात. त्यामुळे तो अधिक चांगला असणार, किंबहुना त्याने जोडणीचा वेगही वाढत असणार, असा समज आढळतो. वस्तुतः वेगाचा आणि पत्त्याच्या स्थिरतेचा काहीही संबंध नाही. प्रश्नाचा उलगडा होण्यासाठी पत्त्याचे दोन गुण प्रथम वेगळे करणे अवश्य आहे. कालांतराने पत्ता बदलतो की कायम राहतो, हा एक. आणि बाहेरून कोणालाही त्या पत्त्यावर पोहोचता येते की नाही, हा दुसरा. पहिल्यास स्थिरता व दुसऱ्यास सार्वजनिकता म्हणता येईल. बाजारात हे दोन्ही गुण बहुधा एकाच नावाखाली विकले जातात, आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे.

१९८१ साली निश्चित झालेल्या व अद्यापि प्रचारात असलेल्या आयपीव्ही ४ या पद्धतीत प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा असतो. अर्थात् एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होऊ शकतात, आणि त्यांपैकी काही विशेष कामांसाठी राखून ठेवलेले आहेत. दूरध्वनीच्या तारेवरून काही वेळापुरती जोडणी करण्याच्या काळात ही संख्या पुरेशी वाटे. कारण एका ग्राहकाची जोडणी तुटताच त्याचा पत्ता दुसऱ्यास देता येई. ठरावीक मुदतीने पत्ता देण्याची डीएचसीपी ही पद्धत १९९३ साली प्रथम नमूद झाली, ती याच काटकसरीस सोयीची होती. पुढे जोडणी अहोरात्र चालू राहू लागली आणि एकेका घरात अनेक यंत्रे आली. तेव्हा १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे खाजगी पत्ते घरातील यंत्रांना द्यावयाचे, आणि राउटरने त्या सर्वांच्या वतीने एकच सार्वजनिक पत्ता वापरावयाचा, ही रीत सार्वत्रिक झाली.

तथापि तेवढ्यानेही भागले नाही. पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला, आणि आशिया-प्रशांत विभागाचा साठा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अखेरच्या टप्प्यावर आला. त्यानंतर २०१२ साली १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या अंकांनी सुरू होणारे ४१,९४,३०४ पत्ते पुरवठादारांच्या अंतर्गत उपयोगासाठी राखून ठेवण्यात आले. घरच्या राउटरला यांपैकी एखादा पत्ता मिळाला, तर अनेक घरे मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरीत आहेत, असा त्याचा अर्थ होतो. राउटरला मिळालेला बाहेरील बाजूचा पत्ता आणि एखाद्या संकेतस्थळाला दिसणारा पत्ता यांची तुलना केली असता ही गोष्ट सहज कळून येते.

अशा स्थितीत घरच्या ग्राहकाचे काही अडते काय? वाचन, चित्रपट, पत्रव्यवहार, बँकेचे काम या सर्व व्यवहारांत आरंभ घरच्या यंत्राकडून होतो. उत्तर परत येईपर्यंत मधल्या यंत्रांनी कोणाची मागणी कोणत्या पोर्टावरून गेली याची नोंद ठेवली की पुरे. दृक्-संभाषणासारख्या सेवाही थेट मार्ग न सापडल्यास मध्यस्थ सर्व्हरमार्फत चालतात. या कामांसाठी पत्ता स्थिर असण्याची गरज नाही, आणि सार्वजनिक असण्याचीही नाही.

जेव्हा आरंभ बाहेरून व्हावयाचा असतो, तेव्हा मात्र प्रश्न बदलतो. घरच्या संगणकावर ठेवलेली संशोधन-सामग्री अन्य ठिकाणाहून थेट उघडणे किंवा स्वतःचे संकेतस्थळ घरून चालविणे, यासाठी सार्वजनिक पत्ता लागतो. तो बदलता असला तरी चालते. कारण बदललेल्या पत्त्याची नोंद एकाच नावाखाली आपोआप अद्ययावत ठेवणारी डायनॅमिक डीएनएस सेवा उपलब्ध आहे. परंतु पत्ता मुळी सार्वजनिकच नसेल, तर या सेवेचाही उपयोग होत नाही. मग बाहेरच्या एखाद्या सर्व्हरमार्फत मार्ग काढावा लागतो, किंवा पुरवठादाराकडे सार्वजनिक पत्ता मागावा लागतो. खऱ्या अर्थाने स्थिर पत्ता आवश्यक ठरतो तो थोड्या ठिकाणी: स्वतःचा टपाल-सर्व्हर चालविताना, किंवा पलीकडील संस्था केवळ नोंदविलेल्या पत्त्यांनाच प्रवेश देत असेल तेव्हा. संशोधन-नियतकालिकांचे प्रकाशक विद्यापीठाची ओळख बहुधा याच रीतीने पटवितात. परंतु तेथेही घरी बसलेल्या विद्यार्थ्यास उपयोगी पडतो तो विद्यापीठाचा व्हीपीएन अथवा प्रॉक्सी. त्याच्या घरचा स्थिर पत्ता प्रकाशकाच्या यादीत असण्याचे कारण नाही.

पत्त्यावरून माणसाची ओळख पटविण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. बदलता पत्ता वेळेच्या नोंदीवाचून निरर्थक असतो, आणि अनेकांनी एकाच वेळी वापरलेला पत्ता पोर्टाच्या नोंदीवाचून. २००७ साली पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण संगणक-अभियंत्यास एका आक्षेपार्ह चित्राच्या प्रकरणी अटक केली. पत्त्यावरून काढलेली ग्राहकाची माहिती चुकीची होती, आणि हे उघडकीस येईपर्यंत त्या निरपराध माणसास सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले. यावरून स्थिर पत्ता हेच संरक्षण, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. स्थिर पत्ता त्या घराची कायमची खूण बनतो, आणि प्रत्येक संकेतस्थळास ती ओळखता येते. दोष पत्ता बदलण्यात नसून अपुऱ्या नोंदीवर विसंबून माणसाला जबाबदार धरण्यात आहे.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आयपीव्ही ६ पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा असल्यामुळे घरातील प्रत्येक यंत्रास स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देता येतो. ही सोय जोडणीत असेल व राउटर योग्य यंत्रापुरती वाट मोकळी ठेवीत असेल, तर पुष्कळ वेळा अधिक शुल्काची गरज उरत नाही. मात्र बाहेरून जोडणाऱ्याकडेही तीच पद्धत असली पाहिजे, आणि घराला मिळालेला पत्त्याचा पूर्वभाग पुरवठादार बदलीत असल्यास डायनॅमिक डीएनएसचे साहाय्य येथेही घ्यावे लागते.

सारांश, घरच्या बहुसंख्य ग्राहकांना स्थिर पत्त्याची आवश्यकता नाही. त्यांनी पुरवठादारास प्रथम विचारावयाचे ते हे, की मिळणारा पत्ता सार्वजनिक आहे काय आणि आयपीव्ही ६ उपलब्ध आहे काय. दोन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर त्या घरास इतरांनी ठेवलेले घेता येते. परंतु स्वतःजवळचे काही मध्यस्थावाचून इतरांस देता येत नाही. ज्यांना केवळ घ्यावयाचेच आहे त्यांची यात हानी नाही. ज्यांना आपले लेखन, संग्रह वा सामग्री स्वतःच्या यंत्रावरून इतरांपुढे ठेवावयाची आहे, त्यांनी मात्र शुल्क भरण्यापूर्वी आपण सार्वजनिकतेचे मोल देत आहो की केवळ स्थिरतेचे, हे स्पष्ट करून घेणे इष्ट होय.