बुटका ससा बुटका का राहतो?

परभणीकडच्या शिवारात तुरीच्या ओळींमधून झेपा टाकत पळणारा ससा आणि दुकानातल्या पिंजऱ्यातला पांढराशुभ्र ससा, दोघांनाही आपण ससाच म्हणतो. पण हे दोन वेगळे प्राणी आहेत. रानसशाच्या पेशीत 48 गुणसूत्रं असतात, पाळीव सशाच्या 44. रानसशाची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेली, तर पाळीव सशाची उघडीबोडकी आणि डोळे मिटलेली. रानसशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे त्याला पकडून घरी आणायचं नाही.

पाळीव सशाचे पूर्वज मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे. युरोपात माणसाने निवड करत करत त्यांच्या अनेक जाती घडवल्या. न्यूझीलंड व्हाईट ही मांसासाठी पाळली जाणारी जात चार-पाच किलोची होते. नेदरलँड ड्वार्फ मात्र जेमतेम एक किलोची. ती विसाव्या शतकात नेदरलँड्समध्ये तयार झाली. गोल डोकं, आखूड कान, चपटा चेहरा ही तिची ओळख.

आता प्रश्न असा, की एवढा फरक पडतो कशामुळे? 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचं मुख्य कारण सापडलं. बुटक्या सशांमध्ये एचएमजीएटू नावाच्या जनुकाच्या जागी डीएनएची सुमारे 12,100 अक्षरं गायबच असतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. त्यातली एकच प्रत अशी तुटकी असेल, तर ससा बुटका होतो आणि नीट जगतो. दोन्ही तुटक्या असतील, तर पिल्लू जन्मतःच फार लहान असतं आणि काही दिवसांतच मरतं.

म्हणजे दोन्ही बुटक्यांची जोडी लावली, तर सरासरी चारातलं एक पिल्लू मरणारच. दोन बुटकी होतील, एक नेहमीच्या वाढीचं. इथे खुराक किंवा औषध कितीही चांगलं दिलं तरी उपयोग नाही, कारण गणित जोडी लावतानाच ठरलेलं असतं. बुटक्याची जोडी याच जातीतल्या, पण तुटकी प्रत नसलेल्या सशाशी लावली, तर असं मरण टळतं.

जे वाचतात, त्यांनाही आखूड चेहऱ्याची किंमत मोजावी लागते. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि एकमेकांवर घासून झिजतात. जबडा आखूड असला की दात नीट जुळत नाहीत, वाढतच जातात आणि शेवटी खाणं बंद पडतं. म्हणून भरपूर सुकं गवत द्या आणि दात अधूनमधून बघत चला.

त्यात आपला उन्हाळा. ससा घाम गाळून अंग थंड करू शकत नाही, उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याखालचा पिंजरा म्हणजे भट्टीच. सावली, वारा आणि गार पाणी हवंच.

आणि विकत घेताना आधी वय विचारा. महिनाभराचं कुठलंही पिल्लू बुटकंच दिसतं. शक्य असेल तर आई-बाप बघा. नाहीतर ‘बुटका’ म्हणून आणलेला ससा वर्षभरात चार किलोचा होईल, आणि तुमचा पिंजरा मात्र तेवढाच राहील.