गव्हाचं पथ्य, भाकरीचा आधार

आमच्या ढोकी भागात ज्वारीची भाकरी रोजचीच. तरी नान, हलीम, समोसे, ईदचा शीरखुर्मा, या सगळ्यांत गहू येतोच. काहींना तो सोसत नाही. गहू आणि जवातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. हा सिलिअ‍ॅक आजार. मूल वाढत नाही, जुलाब थांबत नाहीत, गोळ्या घेऊनही रक्त भरत नाही. हॉलंडचे डॉ. डिके यांना गव्हाचा संशय होताच. महायुद्धात पावाची टंचाई झाली नि अशी मुलं सुधारली. १९५० साली त्यांनी हे प्रबंधात मांडलं.

शंका आली म्हणून लगेच गहू सोडू नका, नाहीतर तपासणीत आजार लपतो. आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने टीटीजी ही रक्ततपासणी करा. निदान झालं, की पथ्य जन्मभराचं. तिथे ‘एक घास चालतो’ असं नाही. जवाचा तलबिनाही नको. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ चालतात, पण गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी चालत नाही. दळण घरच्या चक्कीवर वेगळं करावं. हिंगातही गव्हाचं पीठ असू शकतं.

यंदा शीरखुर्म्यात निव्वळ तांदळाच्या शेवया घालू आणि सगळेच तोच खाऊ. लेकराला ईदच्या दस्तरख्वानावर वेगळं बसवायला नको.