दुव्याची पत

काटेसावरीवरचा लेख आम्ही फेब्रुवारीत टाकला. आम्ही म्हणजे झाडांचं वेड असलेली पाच-सहा माणसं. नोकरी-संसार सांभाळून मराठीत झाडांविषयी लिहायला एक छोटं संकेतस्थळ चालवतो. लेखाखाली वाचकांसाठी एक चौकट असते. त्यात नाव लिहायचं, मत लिहायचं आणि स्वतःचं संकेतस्थळ असेल तर त्याचा पत्ता द्यायचा. पत्ता दिला की नावावर टिचकी मारून तिथे जाता येतं.

पहिल्याच आठवड्यात ३४ प्रतिक्रिया आल्या. हरखून उघडल्या. ‘खूप उपयुक्त माहिती.’ ‘छान लेख, असंच लिहीत राहा.’ ‘अप्रतिम विषय.’ पण लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी ‘झटपट वैयक्तिक कर्ज’, ‘घरसामान हलवणारे’, ‘स्वस्त विमान तिकीट’ असलं काहीबाही. एकानेही सावरीचं नाव काढलेलं नव्हतं. अशा ३३ होत्या. चौतिसावी होती सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेची. अंगणातल्या सावरीखाली त्या रोज सकाळी तासभर बसतात. भोरड्यांचा थवा उतरला की साळुंक्या वरच्या फांद्या सोडून खाली येतात, कोतवाल मात्र जागचा हलत नाही, आणि खार कळ्या कुरतडून अर्ध्या टाकून देते, असं त्यांनी आठ ओळींत लिहिलं होतं. पत्त्याची जागा रिकामी होती.

त्या ३३ जणांना आमच्याकडून एकच गोष्ट हवी होती: नावावरचा दुवा. त्याला एवढी किंमत का, हे समजायला पंचवीस-तीस वर्षं मागे जावं लागतं.

१९९०च्या दशकात इंटरनेटवर शोध घेणारी यंत्रं मुख्यतः शब्द मोजत. ‘आंबा’ शोधलात, तर ज्या पानावर ‘आंबा’ जास्त वेळा, ते वर. साहजिकच लोक पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहू लागले. माणसाला तो दिसत नसे, पण यंत्र तो मोजत असे. पान स्वतःविषयी काय सांगतं यावर विसंबून राहण्यात अर्थ नव्हता. दुसरे त्याच्याविषयी काय म्हणतात, हे विचारायला हवं होतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी हेच विचारलं. त्यांच्या प्रकल्पाचं आधीचं नाव ‘बॅकरब’ होतं, पुढे त्याचं ‘गूगल’ झालं. पद्धतीला त्यांनी ‘पेजरँक’ म्हटलं. तिच्यावरच्या मूळ निबंधाच्या चार लेखकांत राजीव मोटवानी हे जम्मूत जन्मलेले, कानपूर आयआयटीत शिकलेले गणिती संगणकतज्ज्ञही होते. कल्पनेची मुळं मात्र ग्रंथालयात होती. कोणत्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला, याची सूची करावी असं यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली मांडलं आणि १९६४ साली तशी विज्ञान-सूची प्रत्यक्षात आणली. १९७६ साली पिन्स्की आणि नारिन यांनी पुढचं पाऊल टाकलं: मोठ्या नियतकालिकाने घेतलेला आधार छोट्याने घेतलेल्या आधारापेक्षा वजनदार धरायचा.

आपल्याकडच्या पतसंस्थेतून कर्ज काढलेल्या माणसाला हे लगेच कळेल. कर्जाला दोन जामीनदार लागतात. जामीनदाराची स्वतःची पत किती, हे संस्था बघते. तो आधीच किती जणांना जामीन राहिला आहे, हेही बघते. गावातला सर्वांत सचोटीचा माणूस पन्नास जणांना जामीन राहिला असेल, तर एक्कावन्नाव्याच्या अर्जावर त्याच्या सहीला फारसा अर्थ उरत नाही. पेजरँकमध्ये दुवा म्हणजे जामीन. देणाऱ्या पानाची जेवढी पत असेल, ती त्याने दिलेल्या दुव्यांमध्ये सारखी वाटली जाते.

कागदावर मांडून बघू. क, ख आणि ग अशी तीनच पानं आहेत असं समजा. क ने ख आणि ग या दोघांना दुवा दिला आहे, ख ने फक्त ग ला, ग ने फक्त क ला. एकूण पत १००. क ची ४०, ख ची २० आणि ग ची ४० धरली, तर हिशेब जुळतो का? क आपले ४० दोघांत वाटतो: २० ख ला, २० ग ला. ख आपले २० ग ला देतो, म्हणजे ग चे ४० झाले. ग ते सगळे क ला देतो आणि क चे पुन्हा ४०. वही जुळली. सुरुवातीला कोणतेही आकडे घेतले आणि असेच फिरवत राहिलं, तरी आकडे हळूहळू इथेच येऊन स्थिरावतात. पेज-ब्रिन यांच्या चमूने ३२ कोटींवर दुव्यांचं जाळं असंच फिरवलं, तेव्हा सुमारे ५२ फेऱ्यांत आकडे बसले. मला या पद्धतीचं सौंदर्य इथे दिसतं. पत कोणी वरून ठरवून दिलेली नाही, ती जाळ्यातूनच उगवते. प्रत्यक्षात गणितात आणखी एक भर आहे. दुव्यामागून दुवा चाळणारा वाचक कधीतरी कंटाळतो आणि भलतंच पान उघडतो, म्हणून ८५ टक्के वाटा दुव्यांवरून फिरतो आणि १५ टक्के सगळ्या पानांना सारखा मिळतो.

आता क च्या पानाखाली आठ जण येतात, ‘छान लेख’ लिहितात आणि नावावर आपापल्या दुकानाचा दुवा लावतात. क चे दुवे झाले दहा. पुढच्याच फेरीत ख ला २०ऐवजी ४ मिळतात. उरलेल्यांतले ३२ त्या आठ दुकानांकडे जातात. क ने कुणालाच जामीन दिलेला नाही. त्याच्या दारात आठ जण येऊन परस्पर त्याच्या नावाने सही करून गेले. म्हणून आमच्यासारख्या कोपऱ्यातल्या संकेतस्थळावरही ३३ जण सावरीचं कौतुक करायला येतात.

या परस्पर सह्यांवर १८ जानेवारी २००५ रोजी उपाय जाहीर झाला. दुव्याच्या मागच्या संकेतखुणेत ‘नोफॉलो’ हा एक शब्द घालायचा. वाचकाला काही फरक पडत नाही, टिचकी मारली की पान उघडतं. शोधयंत्राला मात्र निरोप मिळतो: हा दुवा माझा जामीन धरू नका. गूगल, याहू आणि एमएसएन या तिन्ही शोधयंत्रांनी तो मानायचं ठरवलं. लेखन प्रसिद्ध करण्याच्या मोठ्या साधनांनी प्रतिक्रियांतल्या प्रत्येक दुव्याला तो आपोआप लावायला सुरुवात केली. जानेवारी २००७मध्ये इंग्रजी विकिपीडियानेही बाहेर जाणाऱ्या सगळ्या दुव्यांना तो लावला.

याने अनेक लिहिणारे दुखावले आणि त्यांचं दुखणं खरं होतं. कोणी रात्री जागून तुमच्या लेखातली चूक दाखवतो, नवी माहिती देतो, आणि तुम्ही त्याच्या नावावर ‘याच्याशी माझा संबंध नाही’ असा शिक्का मारता? भुरट्यासाठी लावलेलं कुलूप पाहुण्यालाही लागलं. त्यातून ‘तुम्ही मत लिहा, मी दुवा देतो’ अशी चळवळ उभी राहिली. संकेतस्थळाच्या कडेला तसा बिल्ला झळकायचा आणि प्रतिक्रियांवरचा नोफॉलो काढून टाकायचा. पुढे प्रतिक्रिया देणाऱ्याच्या ताज्या लेखाचा दुवा आपोआप जोडणारी साधनं निघाली. त्याहीपुढे, नावाशेजारी आपल्या धंद्याचा शोधशब्द लिहू देणारी निघाली. हेतू चांगला होता: लोक बोलते व्हावेत, बोलणाऱ्याला काही मिळावं. लोक बोलते झालेही. पण थोड्याच दिवसांत ‘कुठे नोफॉलो नाही’ याच्या याद्या फिरू लागल्या, त्या याद्यांवरच्या चौकटींत आपोआप मजकूर टाकणारी सॉफ्टवेअर विकली जाऊ लागली, आणि बिल्ला लावणाऱ्यांच्या दारात तीच झुंबड आली.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली पैशाच्या धोरणाविषयी लिहिताना मांडलेलं निरीक्षण इथे तंतोतंत लागू पडतं: एखादं माप नियंत्रणासाठी वापरू लागलो की त्या मापाचा मूळ गोष्टीशी असलेला संबंध सुटतो. हनोईत १९०२ साली फ्रेंच सरकारने प्लेगच्या धास्तीने उंदराच्या प्रत्येक शेपटीमागे बक्षीस ठेवलं. शेपट्या ढिगाने आल्या. मग शहरात शेपटी तुटलेले जिवंत उंदीर फिरताना दिसले, कारण ते मारले तर पुढची पिल्लं कुठून येणार? शेपटी हा मेलेल्या उंदराचा पुरावा होता. तिला भाव आल्यावर ती फक्त शेपटी राहिली.

आपल्या विद्यापीठांतही हे घडलं आहे, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं. २०१०नंतर प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांना गुण मिळू लागले. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी शिफारस केलेली १,००९ नियतकालिकं तपासली. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: कसोटीला उतरली फक्त ११२. गारफील्डच्या सूचीतून पेजरँकची कल्पना आली आणि दोन्हीकडे एकच कीड लागली. साक्ष मौल्यवान असते ती साक्षीदाराला त्यातून काही मिळत नाही म्हणून.

दुव्यांच्या बाजारात मोठी दुकानंही उतरली. फेब्रुवारी २०११मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिलं की जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीकडे नेणारे हजारो दुवे असंबद्ध पानांवर पेरलेले होते. कपडे, पलंगपोस, गालिचे, काहीही शोधा, हेच दुकान वर. दुकानाने कानांवर हात ठेवले, गूगलने त्याला खाली ढकललं. एप्रिल २०१२मध्ये ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला आणि विकत घेतलेल्या किंवा पेरलेल्या दुव्यांचा उलटा भार पडू लागला. मग जे दुवे मिळवायला लोकांनी पैसे मोजले होते, तेच काढून टाका म्हणून पत्रं लिहायची वेळ आली. सप्टेंबर २०१९मध्ये गूगलने वाचकांनी लिहिलेल्या दुव्यांसाठी आणि जाहिरातीच्या दुव्यांसाठी वेगळ्या खुणा आणल्या आणि नोफॉलोकडे हुकुमाऐवजी सूचना म्हणून बघायचं ठरवलं.

मग मत देणाऱ्याला काहीच देऊ नये का? द्यावं. पण काय, याचं उत्तर एका प्रयोगात आहे. मायकेल रेस्टिव्हो आणि आरनाउट व्हान डी रेट या संशोधकांनी इंग्रजी विकिपीडियावर सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का संपादकांतून २०० जण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले. त्यांतल्या १०० जणांच्या पानावर ‘बार्नस्टार’ लावला. बार्नस्टार म्हणजे शाबासकीचं एक चित्र, जे कुणीही कुणालाही देऊ शकतं. बाकीच्या १०० जणांना काही दिलं नाही. पुढच्या ९० दिवसांत चित्र मिळालेल्यांचं काम ६० टक्क्यांनी जास्त झालं. हा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘मूव्हीलेन्स’ या चित्रपटांना गुण देण्याच्या संकेतस्थळावरही असाच अनुभव आला. तुमची आवड इतरांपेक्षा वेगळी आहे, म्हणून तुमचं मत मोलाचं आहे, असं ज्या सभासदांना सांगितलं, त्यांनी जास्त चित्रपटांना गुण दिले.

बार्नस्टार बाहेर कुठे वटत नाही. त्यावर कर्ज मिळत नाही, दुकान वर येत नाही. त्याची किंमत फक्त तिथल्या लोकांना. म्हणून तो घ्यायला तेच येतात ज्यांना तिथलं काम हवं आहे. पत वाढवणारा दुवा मात्र हुंडीसारखा कुठेही वटतो, आणि जे कुठेही वटतं त्याच्यामागे कोणीही येतं. मराठीत ‘दुवा’ म्हणजे साखळीतली कडी, आणि ‘दुवा देणं’ म्हणजे आशीर्वाद देणं. आशीर्वाद विकला जाऊ लागला की तो आशीर्वाद राहत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागलेलं नाही.

आम्ही त्या ३३ प्रतिक्रिया पुसल्या. चौकटीतली पत्त्याची जागा काढून टाकली. बाईंना मी पत्र लिहिलं: नोंदी कधीपासून ठेवता? उत्तर आलं, अकरा वर्षं, शाळेच्या जुन्या वह्यांत. भाचीने त्या वह्यांची छायाचित्रं काढून नेटवर ठेवली आहेत, बघायला कुणी येत नाही. मी तीन रात्री बसून सगळी पानं वाचली. तारीख, वेळ, ऊन की ढग, कोणता पक्षी कोणत्या फांदीवर, ओळीखाली शिक्षिकेची सरळ रेघ. सावरीच्या पुढच्या लेखात दुसऱ्याच वाक्यात त्या वह्यांचा दुवा दिला, साधा, नोफॉलो न लावता. तो आम्ही वाचून दिलेला जामीन आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चौकटीत त्यांची एक ओळ आली: आज सकाळी भोरड्या आल्या नाहीत, गेल्या वाटतं, कोतवाल आहे.