गावाच्या नोंदीसाठी छायाचित्रणाचे तंत्र

बीड शहराच्या दक्षिणेस, बालाघाटच्या डोंगररांगांच्या सान्निध्यात पाली हे गाव वसले आहे. गावाजवळ बिंदुसरा नदीवर बांधलेला जलाशय बीड शहराच्या पाणीपुरवठ्याचा एक जुना आधार होय. चांगल्या पावसाच्या वर्षी जलाशय भरून सांडव्यावरून पाणी कोसळू लागले की ते पाहावयास लोकांची रीघ लागते आणि शेकडो छायाचित्रे घेतली जातात. १९७२, २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांनी या जिल्ह्याला दुष्काळाची तीव्र झळ दिली, तर १९८९ च्या जुलैत याच बिंदुसरेच्या पुराने बीडचा नदीकाठ उद्ध्वस्त केला. पाण्याचा अभाव आणि पाण्याचा कोप ही दोन्ही रूपे पाहिलेल्या या प्रदेशात छायाचित्र केवळ हौसेची वस्तू राहत नाही. तो पुरावा ठरतो. मात्र स्थळ, दिनांक आणि दिशा यांची नोंद नसलेले छायाचित्र कितीही सुंदर असले तरी नियोजनाच्या कामी येत नाही.

परस्परांपासून शिकण्याची परंपरा

छायाचित्रण ही कला आपल्याकडे परस्परांच्या अनुभवांवरच वाढली. युरोपात १८३९ मध्ये या शोधाची घोषणा झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या काळातील छायाचित्रणाशी निगडित असलेली नावे होत. संस्थेने आपले नियतकालिकही चालविले. एल्फिन्स्टन संस्थेत त्याच सुमारास छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला.

या देवाणघेवाणीची गरज तशीच होती. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा लेप देऊन तो वाळण्यापूर्वीच छायाचित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते धुवावे लागे. थंड देशातील पुस्तकांत दिलेली वेळेची गणिते येथील उन्हात चुकत. हवामानाशी जुळणारे तंत्र येथल्याच छायाचित्रकारांनी प्रयोग करून शोधावे आणि एकमेकांना सांगावे, याला पर्याय नव्हता.

दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची ठरावीक अंतराने चित्रे घेऊन त्याची वाढ पडद्यावर दाखविली. कॅमेरा एका जागी, विषय एकच आणि मधला काळ ठरलेला, हे त्या प्रयोगाचे सूत्र होते. गावाच्या विकासाची नोंद ठेवू इच्छिणाऱ्यांना आजही हेच सूत्र उपयोगी पडते.

स्थिर बिंदूची पद्धत

पालीच्या जलाशयाचे उदाहरण घेऊन ही पद्धत स्पष्ट करता येईल. प्रथम पाण्याचा मोठा भाग दिसेल अशी सुरक्षित जागा निवडावी आणि दगडावर रंगाने खूण करून ती कायम करावी. चौकटीत न हलणारी एखादी वस्तू, उदाहरणार्थ डोंगराची कड किंवा बांधाचे टोक, दर वेळी त्याच ठिकाणी येईल अशी दक्षता घ्यावी. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेस, शक्यतो एकाच वेळी, एकाच भिंगाने छायाचित्र घ्यावे. वर्षाअखेरीस ही बारा चित्रे ओळीने मांडली म्हणजे पाणी कधी चढले, कधी ओसरले, हे शाळेतील मुलासही समजते. विहीर, शेततळे, बंधारा, रोपवन या सर्वांना हीच पद्धत लागू पडते. लहान वस्तूच्या चित्रात मोजपट्टी किंवा उभा माणूस असावा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

रोजगार हमी योजनेच्या कामांची छायाचित्रे आता कामापूर्वी, काम चालू असताना आणि काम पूर्ण झाल्यावर स्थाननिर्देशासह घेतली जातात. या तिन्ही वेळी कॅमेऱ्याची जागा आणि दिशा एकच राहिली, तरच तुलनेला अर्थ प्राप्त होतो.

प्रकाश आणि भिंग

भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना सावल्या आखूड पडतात आणि जमिनीचा चढउतार सपाट भासतो. सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात बांधाची उंची, नांगरटीच्या रेषा आणि जमिनीची धूप स्पष्ट दिसते. पाण्यावर सूर्य समोरून चमकत असेल तर चित्रातील तपशील हरवतो. अशा वेळी सूर्य पाठीशी किंवा बाजूस राहील असे उभे राहावे. फिल्मच्या काळापासून छायाचित्रकारांत एक ठोकताळा प्रचलित आहे. स्वच्छ उन्हात भिंगाचे छिद्र एफ १६ वर ठेवावे आणि फिल्मची संवेदनशीलता १०० असेल तर झडप सुमारे १/१०० सेकंद उघडावी. आजच्या भ्रमणध्वनीतील कॅमेरा हे गणित आपोआप करीत असला, तरी ते ठाऊक असणाऱ्याला चित्र का बिघडले हे कळते.

भिंगाची निवड हा प्रामाणिकपणाचाही प्रश्न आहे. रुंद कोनाच्या भिंगातून जवळून घेतलेले छोटे शेततळे विस्तीर्ण तलावासारखे दिसते. लांब पल्ल्याच्या भिंगातून दूरदूरची झाडे दाट वनासारखी भासतात. डोळ्यांना दिसते त्याच्या जवळपास जाणारे भिंग नोंदीच्या कामी अधिक विश्वसनीय होय.

माणसांची चित्रे

माणसांचे छायाचित्रण हा सर्वांत नाजूक भाग आहे. गौतम राजाध्यक्ष यांनी ‘चेहरे’ या पुस्तकातून व्यक्तिचित्रणाचा उत्तम नमुना वाचकांसमोर ठेवला. संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंतांचे जीवन छायाचित्रांतून मांडले, तर २०१६ मध्ये पद्मश्रीने गौरविलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांच्या जीवनाकडे समाजाचे लक्ष वेधले. विषय भिन्न असले तरी या कामांतून एक समान धडा मिळतो, तो म्हणजे समोरच्या माणसाची प्रतिष्ठा राखण्याचा. दरवर्षी बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी हजारो कुटुंबे बाहेर पडतात. त्यांची चित्रे घेताना आधी बोलावे, हेतू सांगावा, संमती घ्यावी आणि मगच कॅमेरा उचलावा. मदत वाटपाच्या वेळी घेणाऱ्याचा हात पसरलेला दाखविण्यापेक्षा त्याचे काम दाखविणे अधिक उचित होय.

वन्यजीवांबाबतही हाच संयम हवा. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यात किंवा गावाच्या शिवारात घरट्याजवळ जाऊन चित्र घेतल्यास पक्षी अंडी सोडून जाण्याचा धोका असतो.

जतन आणि जबाबदारी

चित्र घेणे हे निम्मे काम. जतन करणे हे उरलेले निम्मे. संदेशवाहक ॲपवरून पाठविताना चित्राचा आकार सहसा लहान होतो आणि त्यात दडलेली दिनांक व स्थानाची माहितीही बहुधा गळून पडते. म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवावी. तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात आणि सोबत वहीत क्रमांक, तारीख, जागा, दिशा व घेणाऱ्याचे नाव लिहावे. जुन्या कागदी चित्रांच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नोंद करावी आणि पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून ती कोरड्या जागी ठेवावीत.

या कामासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. शाळेतील एक शिक्षक, काही विद्यार्थी आणि ग्रामपंचायतीच्या कपाटातील एक खण एवढे पुरेसे आहे. गावातील लग्नकार्यांची चित्रे काढणाऱ्या छायाचित्रकारास वर्षातून एकदा शाळेत बोलावून त्याचा अनुभव मुलांना ऐकवावा. पुढील दुष्काळात अथवा पुरात मागणी मांडताना गावाजवळ आठवणींखेरीज दुसरे काहीच नसेल, तर ती मागणी दुबळी पडते. दहा वर्षांची क्रमवार चित्रे हाती असलेले गाव आपले म्हणणे स्वतः सिद्ध करू शकते.