सोलापूरच्या परसातील फुलबाग

सोलापूर जिल्हा हा महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण प्रदेशांपैकी एक होय. येथील पाऊस थोडा आणि लहरी. उन्हाळा दीर्घ आणि कडक. वैशाखात पारा ४० अंशांच्या वर चढतो, विहिरी तळ गाठतात आणि घराघरांत पाण्याची प्रत्येक घागर मोजून वापरली जाते. अशा प्रदेशात फुलझाडे लावणे म्हणजे पाण्याची उधळपट्टी होय, असे कोणास वाटले तर त्यात नवल नाही. परंतु याच जिल्ह्यातील माढा तालुक्यात अरण नावाचे गाव आहे. तेराव्या शतकात संत सावता माळी यांनी तेथे आपला मळा पिकविला आणि मळ्यातील कामालाच विठ्ठलाची पूजा मानले. पाणी थोडे असले, तरी ते जाणून वापरणाऱ्याच्या हाती ही भूमी फुलते, याची साक्ष अरणच्या त्या मळ्याने दिली आहे. घराच्या परसात चार वाफे फुलवू पाहणाऱ्यानेही हीच जाण प्रथम मिळविली पाहिजे.

फुलांचे उपयोग दोन प्रकारचे असतात. मोगरा, कुंद, जाई ही फुले देठाशी खुडून हारांत व गजऱ्यांत गुंफतात. गुलछडी, ॲस्टर, शेवंती, गुलाब, ग्लॅडिओलस ही फुले मात्र लांब दांड्यासह कापून फुलदाणीत ठेवता येतात. झेंडू दोन्ही कामी येतो. दांड्याच्या फुलांचा विशेष असा की, झाडापासून वेगळी झाल्यावरही ती कित्येक दिवस जिवंत राहतात. त्यांच्या पाकळ्या श्वसन करतात, दांडा पाणी ओढतो, कळ्या उमलत राहतात. म्हणून अशा फुलांची जोपासना दोन ठिकाणी करावी लागते. प्रथम वाफ्यात आणि नंतर फुलदाणीत. पहिल्या ठिकाणी महिनोन्महिने केलेले श्रम दुसऱ्या ठिकाणच्या एका दिवसाच्या हयगयीने वाया जाऊ शकतात.

कामाचा आरंभ मातीपासून होतो. सोलापूरच्या परिसरात कोठे खोल काळी जमीन आढळते, तर कोठे मुरमाड व उथळ. काळी माती ओल दीर्घकाळ धरून ठेवते, हा तिचा मोठाच गुण होय. मंगळवेढ्याची प्रसिद्ध ज्वारी हिवाळ्यात जवळजवळ या साठलेल्या ओलीवरच पिकते. परंतु भिजली की ही माती फुगते व चिकट होते, आणि वाळली की तिला भेगा पडतात. फुगलेल्या मातीत हवा खेळत नाही. मुळांनाही श्वासोच्छ्वास करावा लागतो. हवा न मिळाल्यास ती कुजतात. म्हणून काळ्या जमिनीत सपाट वाफ्यांऐवजी सुमारे वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत आणि त्यांत चांगले कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. मुरमाड जमिनीतही शेणखत हवेच. मात्र तेथे त्याचे काम उलट असते. काळ्या मातीला ते सैल करते, तर मुरमाला ओल धरावयास शिकविते. वाफ्याची रुंदी एक मीटरहून अधिक नसावी; म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवून माती दाबली जात नाही.

येथील अनेक जमिनींत चुनखडीचे प्रमाण अधिक असते. अशा जमिनीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी यास ‘केवडा पडणे’ असे म्हणतात. पिवळे पान पाहून ‘झाडास पाणी कमी पडले’ असे समजणारा माणूस आणखी पाणी घालतो आणि रोग वाढवितो. अशा वेळी पाणी आवरावे आणि सेंद्रिय खत वाढवावे, हेच हिताचे.

जमीन तयार झाल्यावर प्रश्न येतो तो ऋतूचा. जी झाडे येथील ऋतुमानाशी जुळवून घेतात, ती थोड्या पाण्यात फुलतात. जी ऋतूच्या विरुद्ध लावली जातात, ती कितीही पाणी दिले तरी कष्टी दिसतात. सुदैवाने या प्रदेशातील सणांची मालिकाच फुलांच्या वेळापत्रकाचे काम करते. आषाढी एकादशीला पंढरपुरी वारकऱ्यांची गर्दी लोटते, त्या सुमारास झेंडूचे बी पेरावे. नागपंचमीपर्यंत रोपे लावण्याजोगी होतात आणि दसऱ्याच्या तोरणासाठी फुले हाती येतात. या काळात पावसाची साथ असल्यामुळे पाणी फारसे द्यावे लागत नाही. गणेशोत्सवात ॲस्टरचे बी पेरून दसऱ्याच्या सुमारास रोपे लावली, तर जानेवारीत, सोलापुरात श्री सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघतात त्या दिवसांत, वाफा पांढऱ्या, गुलाबी व जांभळ्या फुलांनी भरतो. ॲस्टर मात्र एकाच वाफ्यात दरवर्षी लावू नये. त्याच्या मर रोगाची बुरशी मातीत दडून राहते आणि पुढील वर्षीच्या रोपांना ग्रासते.

गुलछडीला निशिगंध असेही म्हणतात. हिचे मूळ स्थान मेक्सिको देश. पण ती आता आपल्याकडे इतकी रुळली आहे की, तिला कोणी परकी म्हणणार नाही. चैत्र-वैशाखात तिचे कंद सुमारे दोन बोटे खोल लावावेत. एकदा लावलेले कंद साधारणपणे तीन वर्षे फुले देतात. त्यामुळे नवशिक्या माणसास हिच्याइतके सोयीचे दुसरे फूल नाही. एकेरी पाकळ्यांची गुलछडी सुगंधासाठी व हारांसाठी उत्तम, तर दुहेरी पाकळ्यांची फुलदाणीसाठी अधिक शोभिवंत असते.

शेवंतीची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. जुन्या बुंध्याशी जमिनीतून जे कोंब फुटतात त्यांना काशा म्हणतात. उन्हाळ्याच्या अखेरीस काशा लावल्या, तरी पावसाळाभर शेवंती केवळ पानेच वाढविते. दिवाळी जवळ आली की मग तिला कळ्या धरतात. याचे कारण रात्रीच्या लांबीत आहे. सोलापुरात जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा असतो, तो डिसेंबरात सुमारे ११ तासांवर येतो. दिवस लहान व रात्र मोठी होऊ लागली, हे शेवंतीस कळते आणि ती फुलावयाच्या तयारीस लागते. दिवसाच्या लांबीचा वनस्पतींच्या फुलण्याशी असा संबंध असतो, हे गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये जगापुढे मांडले. म्हणूनच शेवंतीची कुंडी रस्त्यावरील दिव्याखाली ठेवू नये. रात्रभर प्रकाश पडत राहिला, तर तिला दिवस मोठाच आहे असे भासते आणि फुले लांबणीवर पडतात. माळ्याचे खतपाणी चोख असूनही शेवंती का फुलत नाही, या कोड्याचे उत्तर कधीकधी अशा दिव्यात सापडते.

या फुलझाडांना दिवसातून किमान सहा तास ऊन लागते. मात्र उन्हाळ्यातील दुपारचे पश्चिमेचे ऊन त्यांना सोसत नाही. त्या बाजूस शेवग्याचे झाड किंवा वेलीचा मांडव असल्यास उत्तम. आता पाणी. रोज थोडेथोडे शिंपडलेले पाणी मातीच्या वरच्या थरातच राहते आणि उन्हाने उडून जाते. मुळेही मग वरच रेंगाळतात व एका दिवसाच्या तापाने कोमेजतात. याउलट, काही दिवसांच्या अंतराने पण सावकाश व खोलवर दिलेले पाणी मुळांना खाली ओढून नेते. मातीत बोट खुपसून पाहावे. दोन पेरांपर्यंत कोरडी लागली तरच पाणी द्यावे. पाणी सकाळी द्यावे आणि ते पानांवर न ओतता बुडाशी घालावे. वाफ्यावर उसाचे पाचट किंवा वाळलेली पाने पसरल्यास ओल टिकते व तणही कमी उगवते. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे शेतकरी म्हणतात, ते खुरप्यालाही लागू आहे. वरचा थर हलका उकरल्याने भेगा बुजतात आणि त्यांतून निसटणारी ओल आत राहते. सोलापूर येथे १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीच्या संशोधनास आरंभ झाला, तोही ओल कशी राखावी याच प्रश्नाच्या उत्तरासाठी. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी फुलझाडांना खुशाल घालावे. साबणाचे मात्र घालू नये.

लांब व सरळ दांडे हवे असतील, तर थोडी कठोरताही अंगी बाणवावी लागते. शेवंती व झेंडू यांची रोपे रुजून वाढीस लागली की त्यांचा शेंडा खुडावा. शेंडा गेल्यामुळे बगलेतील कोंब जागे होतात आणि एका दांड्याच्या जागी अनेक दांडे मिळतात. शेवंतीचे एकच टपोरे फूल हवे असल्यास दांड्यावरील मधली कळी ठेवून बाजूच्या कळ्या काढाव्यात. मावा पडल्यास निंबोळी अर्काची फवारणी करावी. खताचा अतिरेकही टाळावा. विशेषतः नत्र अधिक झाले की झाड पानांनी माजते आणि फुलांना विसरते.

आता कापणी. फूल कोणत्या वेळी आणि कोणत्या अवस्थेत कापले, यावर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून असते. दुपारी झाडातील पाणी उन्हाने घटलेले असते. पहाटे दांडा पाण्याने भरलेला असतो. म्हणून कापणी सकाळी लवकर करावी. अवस्थेचा नियम मात्र सर्व फुलांना एक नाही. गुलछडीच्या दांड्यावरील तळची दोन-तीन फुले उमलली की दांडा कापावा. वरच्या कळ्यांपैकी पुष्कळ फुलदाणीत उमलतात. ग्लॅडिओलसच्या तळच्या कळ्यांत रंग दिसू लागला की पुरे. गुलाबाची बाहेरची एखादी पाकळी सुटू लागताच तो कापण्यायोग्य होतो. झेंडू, शेवंती व ॲस्टर मात्र झाडावरच उमलू द्यावेत. कच्चे कापले तर ते पुढे नीट उमलत नाहीत. कळी उमलते ती पाकळ्यांच्या पेशी पाणी घेऊन फुगल्यामुळे. आणि त्या कामासाठी लागणारी साखर पानांनी आधीच तयार करून ठेवलेली असावी लागते.

दांडा हाताने मोडू नये. धारदार चाकूने तिरका कापावा. दांड्यात केसाहूनही बारीक नळ्या असतात आणि त्यांतूनच पाणी फुलापर्यंत चढते. चिरडलेल्या दांड्यात या नळ्या दबतात. कापलेला दांडा हवेत राहिला, तर नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि पाण्याची वाट अडते. म्हणून पाण्याची बादली वाफ्यापाशीच न्यावी आणि कापलेला दांडा तत्काळ तीत बुडवावा. घरी आणल्यावर दांड्याचे टोक पाण्याखाली धरून पुन्हा बोटभर कापावे. अडलेली वाट त्यामुळे मोकळी होते. फुलदाणीत जी पाने बुडतील ती काढून टाकावीत, कारण ती कुजतात व जंतू वाढवितात. आणि हेच जंतू पुढे नळ्यांची तोंडे बंद करतात. पाणी रोज बदलावे व फुलदाणी घासून स्वच्छ करावी. पाण्यात थोडी साखर व लिंबाच्या रसाचे काही थेंब घातल्यास फुलांना अन्न मिळते आणि जंतूंची वाढ मंदावते.

फुलदाणी उन्हात किंवा पंख्याच्या झोतात ठेवू नये; तसेच आंब्यांच्या आढीजवळ वा केळ्यांच्या घडाजवळही ठेवू नये. पिकणारी फळे एथिलीन नावाचा वायू सोडतात. फळे स्वतःच हा वायू निर्माण करतात, हे इंग्लंडमधील गेन या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये सिद्ध केले. जो वायू फळास पिकवितो, तोच गुलाबासारख्या अनेक फुलांना अकाली म्हातारपण आणतो.

गुलछडीचा एक दांडा वाफ्यात तयार होण्यास तीन-चार महिने लागतात. तेवढ्या काळात त्यास किती तांबे पाणी दिले गेले असेल, याचा हिशेब मनाशी केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. दुपारच्या उन्हात मोडलेला आणि संध्याकाळी मान टाकलेला दांडा म्हणजे केवळ एक सुकलेले फूल नव्हे. ते त्या महिन्यांचे पाणी होय. तोच दांडा पहाटे कापून नीट राखला, तर घरातील आजाऱ्याच्या उशाशी किंवा वर्गातील मेजावर आठवडाभर दरवळत राहतो. ज्या गावात पाणी दुर्मिळ आहे, तेथे फुले लावू नयेत असे नाही. लावलेले फूल वाया जाऊ देऊ नये, एवढेच.

सोलापूरच्या मध्यभागी सिद्धेश्वराचे मंदिर तलावाने वेढलेले आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून तो तलाव निर्माण केला, असे परंपरा सांगते. पाण्याला ईश्वरसेवेचे स्थान देणाऱ्या या नगरीत सुकलेली फुले व निर्माल्य पाण्यात टाकणे शोभत नाही. परसाच्या कोपऱ्यात एक खड्डा करून त्यात निर्माल्य, पाने व काड्या कुजू द्याव्यात. काही महिन्यांत त्यांचे काळेभोर खत होते, आणि पुढील आषाढात झेंडूचे नवे बी त्याच खताच्या वाफ्यात रुजते.