मुलाचे वागणे हीच त्याची भाषा

एखादे मतिमंद मूल भर रस्त्यात लोळण घेते, स्वतःच्या हाताला चावते, आईचे केस ओढते, तेव्हा बघणारे म्हणतात, "लाडाने बिघडलं, दोन थापडा द्या." कोणी अंगात काही शिरल्याचे सांगून गंडेदोरे सुचवतो. वस्तुतः असे वागणे म्हणजे बहुधा त्या मुलाचे बोलणेच असते. ज्याला शब्द सापडत नाहीत, ते लेकरू हातपायांनी बोलते. (कायद्यात आता 'मतिमंद' ऐवजी 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द आहे.)

सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेत रीता पेशावरिया व एस. वेंकटेशन यांनी १९९२ साली भारतीय मुलांसाठी वर्तन मोजण्याची श्रेणी तयार केली. तिच्या एका भागात मारणे, आदळआपट, स्वतःला इजा, तेच ते करणे, भीती अशा १० गटांत ७५ बाबी आहेत. यातून घेण्याचा बोध असा की, मुलावर एकच शिक्का न मारता ते नेमके काय करते व किती वेळा करते, हे पाहावे.

सर्वप्रथम शरीराकडे पाहा. दातदुखी, कान फुटणे, बद्धकोष्ठता, अपुरी झोप, फिट हे मूल सांगू शकत नाही. ते डोके आपटते. दुखणे नसेल, तर कारणे साधारण चार : लक्ष वेधणे, नको ते काम टाळणे, हवी ती वस्तू मिळवणे, किंवा आवाज, स्पर्श, उजेड यांचा त्रास अथवा ओढ.

समजा, इतवारीच्या बाजारात गर्दी व हॉर्नच्या आवाजात मूल किंचाळते. शांत गल्लीत नेताच ते थांबले, तर कारण आवाज. बिस्किट हातात पडताच थांबले, तर कारण बिस्किट. किंचाळणे तेच, पण उपाय वेगळा. म्हणून एका वहीत तीन रकाने करा : आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर आपण काय केले. दोन आठवड्यांत कारण बरेचदा दिसू लागते.

मग मागण्याची सोपी रीत शिकवा. बोट दाखवणे, खूण करणे, चित्र देणे. तसे मागितले की लगेच द्या व शाबासकी द्या. किंचाळण्यावर देणे बंद केले की ते आधी वाढते, मग उतरते. तिसऱ्या दिवशी आजीने कंटाळून दिले, तर 'जास्त ओरडले की मिळते' एवढेच मूल शिकते. म्हणून साऱ्या घराचा नियम एक हवा. मात्र मूल स्वतःला इजा करीत असेल, तर दुर्लक्ष न करता त्याला जपा व डॉक्टरांना दाखवा.

मारझोडीने मूल फक्त भिते. मागायचे कसे ते त्याला कळत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. उलट, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवावे.

शेवटी शेजाऱ्यांना विनंती. रस्त्यात असे मूल दिसले तर गर्दी करू नका, आईला बोल लावू नका. थोडी वाट मोकळी करून द्या. त्या माउलीला तेवढाही आधार पुष्कळ असतो.