साखर उतरली, पण हृदयाचे काय?



आम्ही डॉक्टर नाही. आमची तीस वर्षे उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांत कामगारांची संघटना बांधण्यात गेली. जे शिकलो ते वाचनालयात आणि दवाखान्याच्या बाकड्यावर बसून. मधुमेहाची औषधे हृदयशूल असलेल्या माणसाच्या हृदयाला काय करतात, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आमचा एक मोल्डर सहकारी सकाळी ग्लिबेनक्लामाइडची गोळी घेई आणि पाळी गाठण्याच्या घाईत न्याहारी चुकवी. दहाच्या सुमारास घाम, थरथर आणि छातीत कळ. सर्वांस वाटे, भट्टीची धग बाधली. कारण निराळे होते. पोटात अन्न असो वा नसो, ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेते. साखर फार उतरली की शरीर ॲड्रिनलिन सोडते आणि हृदय धावू लागते. धावत्या हृदयास रक्त अधिक लागते; पण हृदयशुलाच्या रोग्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद. मागणी वाढते, पुरवठा तेवढाच राहतो. तीच ती कळ. त्यातून हृदयशुलावरच्या काही गोळ्या धडधड आणि थरथर झाकतात. मग धोक्याची खूण म्हणून बहुधा घामच उरतो.

तेव्हा साखरेचा आकडा उतरला म्हणजे हृदय सुखरूप, असे समजू नये. रोसिग्लिटाझोन हे औषध साखर चांगली उतरवी. पण अंगात पाणी साठवून दुबळ्या हृदयावर भार टाकी. त्याने हृदयविकाराचे झटके वाढतात, असा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यावर पुढे बराच वाद झाला. भारताने मात्र २०१० साली त्यावर बंदी घातली. दरम्यान २००८ साली अमेरिकेने दंडक घातला, की मधुमेहाचे नवे औषध हृदयास घातक नाही हे पारखून दाखवावे.

त्या पारखीतून आशाही निघाली. हृदयविकार व मधुमेह दोन्ही असलेल्या सात हजारांवर रोग्यांवर एम्पाग्लिफ्लोझिनचा प्रयोग झाला. निकाल २०१५ साली आला. सुमारे तीन वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू हजारी ५९ वरून ३७ वर आले. ही गोळी लघवीवाटे साखर, मीठ व पाणी बाहेर टाकते. छातीची कळ मात्र ती थांबवीत नाही. त्यासाठी जिभेखालची गोळी जवळ हवीच.

पण साठ रुपयांच्या आसपासची गोळी रोज कोणता हेल्पर घेणार? मार्च २०२५ मध्ये एकाधिकार संपला आणि काही कंपन्यांची गोळी दहा रुपयांच्याही खाली आली. औषध तेच, रोगी तेच. आड होती ती किंमत. हे आम्ही विसरू नये.

मात्र ऐकून कोणी आपली गोळी आपणच बदलू नये. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याच्या अंगातील पाणी या नव्या गोळीने आणखी घटू शकते; उपवासात व आजारपणात ती थांबवावी का, हे डॉक्टरांस विचारावे. ईएसआयच्या वा सीपीआरच्या बाकड्यावर पाळी आली की दोन वाक्ये न संकोचता बोलावीत : "मला मधुमेह आहे, आणि चालताना छातीत दुखते. माझी साखरेची गोळी हृदयास मानवणारी आहे का?"

हा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांशी भांडणे नव्हे. तो रोग्याचा हक्क आहे.